केंद्र सोडून केलेले कातकाम आणि घरगुती साच्यांची सुरक्षितता

कुऱ्हाडीचा दांडा अगदी गोल असला तर घाव घालताना तो मुठीत फिरतो, पाते तिरपे पडते आणि घाव लाकडाऐवजी पायावर येण्याचा संभव असतो. म्हणून जाणता सुतार दांडा नेहमी लंबगोल ठेवतो. अंधारातही नुसत्या स्पर्शाने पात्याची धार कोणत्या दिशेस आहे हे धरणाऱ्यास कळते. पूर्वी धावड्याचे अथवा तिवसाचे सरळ लाकूड निवडून सुतार वाकसाने तासून व कानशीने घासून असा दांडा तयार करीत असे. त्याला वेळ लागे. परंतु त्या कामात हात तुटण्याचे भय फारसे नव्हते.

आज पुष्कळ गावांत वीज पोहोचली आहे व सुताराच्या पडवीत लहानसा विजेचा लेथ आला आहे. 2023 च्या सप्टेंबर महिन्यात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम व खेळणी बनविणे या दोन्ही व्यवसायांचा समावेश झाल्यानंतर यांत्रिक साधनांकडे कारागिरांचा ओढा अधिकच वाढला. लेथवर गोल वस्तू झटपट होते. लाटणे, पलंगाचे खूर, विळ्याची मूठ, पाळण्याच्या दांड्या ही कामे त्यावर सुबक उतरतात. मात्र लंबगोल दांडा, वाकडा खूर अथवा एकाच ठोकळ्यात अनेक वाट्या असलेले पंचपाळे करावयाचे झाल्यास लाकूड त्याच्या मध्यावर न धरता मुद्दाम बाजूच्या बिंदूवर धरून फिरवावे लागते. यालाच केंद्र सोडून केलेले कातकाम म्हणतात. यासाठी लागणारे साचे बाजारात सहसा मिळत नाहीत. मिळाले तरी महाग असतात. तेव्हा कारागीर ते घरीच प्लायवूड, फळ्या व स्क्रू यांच्या साहाय्याने तयार करतो. साचा घरी करण्यात गैर काहीच नाही. तो कसा केला आहे आणि किती वेगाने फिरविला जातो, यावर कारागिराची बोटे व डोळे शाबूत राहणे अवलंबून असते. गावातील एकट्या सुताराच्या पडवीत यंत्रांची तपासणी करण्यास कोणी येत नाही. म्हणूनच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जुना दोरीचा लेथ आणि मोटर

आपल्याकडील कातारी पिढ्यान्‌पिढ्या दोरीच्या लेथवर काम करीत आले. एकाने दोरी मागेपुढे ओढावी आणि दुसऱ्याने हत्यार धरावे, अशी ती पद्धती. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाखेची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत; त्या कलेचा पायाही कातकामच होय. दोरीच्या लेथची गती मंद असे. हत्यार लाकडात अडकले की दोरी सुटे किंवा ओढणाऱ्याचा हात थांबे, आणि लेथही थांबे. लाकूड सैल झाल्यास ते ओढणाऱ्याला दोरीतूनच जाणवे. थोडक्यात, त्या यंत्राला एक माणूस जोडलेला होता आणि तो माणूस हाच त्याचा सर्वांत चांगला बचाव होता.

मोटरीला यातले काहीच कळत नाही. लाकूड अडकले तरी ती जोर लावीतच राहते. चार ध्रुवांची साधी मोटर मिनिटास सुमारे 1440 फेरे घेते आणि मोटरीवरील व स्पिंडलवरील पुली सारख्या मापाच्या असतील तर लाकूडही तितक्याच वेगाने फिरते. वडिलांच्या वेळेस दोन खिळ्यांवर चाललेला साचा मुलाच्या हाती एकाएकी दगा देतो. याचे कारण साचा बिघडला हे नसून वेग बदलला हे असते.

जोर किती पडतो

शेतकऱ्याला हे समजावण्यास गोफणीइतके चांगले उदाहरण नाही. ज्वारीच्या मळ्यात पाखरे हाकताना गोफणीत ठेवलेला दगड फिरवू लागले की दोरी ताणली जाते. वेग वाढवावा तसा ताण वाढतो आणि एक टोक सोडले की दगड सुटतो. केंद्र सोडून धरलेला ठोकळा म्हणजे गोफणीतील दगडच होय. साच्याचे स्क्रू ही त्याची दोरी. फरक एवढाच की गोफणीत दगड केव्हा सोडावयाचा हे राखणदार ठरवितो, तर येथे ते स्क्रू ठरवितात.

हा बाहेर फेकणारा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो: ठोकळ्याचे वजन, त्याचा मध्य फिरण्याच्या आसापासून किती दूर आहे ते अंतर, आणि वेग. यांपैकी वजन अथवा अंतर दुप्पट झाल्यास जोर दुप्पट होतो. परंतु वेग दुप्पट झाल्यास जोर चौपट होतो. ही गोष्ट मनावर बिंबली तर निम्मे काम झाले असे समजावे.

पंचपाळ्याचे उदाहरण घेऊ. 200 मि.मी. व्यासाचा व 40 मि.मी. जाडीचा सागवानी ठोकळा घेतला तर त्याचे वजन सुमारे 800 ग्रॅम भरते. मधली वाटी ठोकळ्याच्या मध्यावरच असल्याने ती नेहमीप्रमाणे कातता येते. भोवतालच्या चार वाट्यांची केंद्रे मध्यापासून 60 मि.मी. अंतरावर घेतली, तर त्यांतील प्रत्येक वाटी कातताना ठोकळ्याचा मध्य आसापासून 60 मि.मी. बाजूस फिरतो. अशा वेळी मिनिटास 300 फेरे असतील तर स्क्रूंवर सुमारे 5 किलो वजनाइतका ओढ पडतो; 600 फेऱ्यांना तो सुमारे 19 किलो होतो आणि 1440 फेऱ्यांना सुमारे 111 किलो. म्हणजे पाऊण-एक किलोचा ठोकळा दोन पोती सिमेंट टांगल्याइतका जोर लावतो! शिवाय या ठोकळ्याची बाहेरची कड आसापासून 160 मि.मी. दूर असल्याने 1440 फेऱ्यांना तिचा वेग ताशी 85 किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेगाने सुटलेला सागवानाचा तुकडा समोरच्या माणसाचे काय करील हे वेगळे सांगावयास नको.

आता कुऱ्हाडीचा दांडा पाहा. 42 मि.मी. व्यासाचा व 700 मि.मी. लांबीचा धावड्याचा दांडा वजनाने जवळजवळ तेवढाच असतो. परंतु त्याचे केंद्र फक्त 6 मि.मी. सरकवावे लागते. त्यामुळे 600 फेऱ्यांना केवळ 2 किलोच्या आसपास जोर पडतो. शिवाय दांडा दोन्ही टोकांना धरलेला असतो. म्हणून दांड्याचे काम त्या मानाने सौम्य आणि पंचपाळ्याचे काम उग्र समजावे. पुष्कळ कारागीर दांड्यावर हात बसला म्हणून त्याच आत्मविश्वासाने पंचपाळ्याकडे वळतात, आणि अपघात तेथे घडतात.

लंबगोल दांडा

प्रथम लाकूड नेहमीप्रमाणे मध्यावर धरून 42 मि.मी. व्यासाचे गोल करून घ्यावे. दोन्ही टोकांच्या कापांवर मध्यातून एक रेघ ओढावी. या दोन रेघा एकाच पातळीत असल्या पाहिजेत. त्यांत थोडाही पीळ आला तर दांडा पिळवटलेला निघतो. याकरिता दांडा सपाट पाटावर आडवा ठेवून, पाटावर उभ्या धरलेल्या गुण्याच्या साहाय्याने दोन्ही टोकांस उभी रेघ मारणे हा सोपा उपाय आहे. मग रेघेवर मध्यापासून दोन्ही बाजूंस 6 मि.मी. अंतरावर एकेक बिंदू घ्यावा. पहिल्या बिंदूवर धरून, त्या बिंदूपासून 23 मि.मी. त्रिज्येपर्यंत कातले की दांड्याची एक बाजू चपटी होते. दुसऱ्या बिंदूवर तेवढेच कातले की दुसरी बाजू होते. शेवटी सुमारे 42 मि.मी. रुंद व 34 मि.मी. जाड असा लंबगोल हाती येतो. उरलेल्या बारीक कडा लेथ बंद करून हाताने कागदाने घासाव्यात.

येथे साचा म्हणजे दोन्ही टोकांस बसविण्याची, बाजूला भोके असलेली लाकडी टोपी. काही जण ती करतात, काही जण लेथचा काटा सरळ लाकडाच्या कापावरच नव्या बिंदूवर ठोकतात. दुसरी रीत पत्करली तर बिंदू कडेच्या फार जवळ घेऊ नये. काट्याच्या दातांनी लाकूड चिरते आणि चिरलेला दांडा फिरताना उसळतो. चार दातांच्या काट्याऐवजी कडे असलेला काटा वापरल्यास हत्यार अडकताच लाकूड काट्यावर घसरते व थांबते. दोरीच्या लेथचा जुना गुण यामुळे थोडाफार परत मिळतो. टेलस्टॉक आवळून पाच-दहा मिनिटे काम केल्यावर लेथ थांबवून तो पुन्हा आवळावा. कारण टोकाचे लाकूड दबून पकड ढिली होते.

नव्या बिंदूवर धरलेला दांडा मध्यावर धरलेल्या दांड्याहून 6 मि.मी. जास्त घेर व्यापतो, हे विसरून टूलरेस्ट पूर्वीच्याच जागी ठेवले जाते आणि पहिल्याच फेऱ्यात दांडा त्यावर आदळतो. म्हणून वीज लावण्यापूर्वी लाकूड हाताने निदान दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. हा नियम केंद्र सोडून केलेल्या प्रत्येक कामास लागू आहे आणि त्याला अपवाद नाही.

या कामात हत्याराला काही क्षण लाकूड लागते व काही क्षण मोकळी हवा. फिरताना दांड्याभोवती एक अस्पष्ट सावली दिसते. ती सावली म्हणजे लाकूडच होय. हत्यार सावलीच्या आत ढकलू नये. पटाशीची पाठ टूलरेस्टवर घट्ट टेकवून, सावलीच्या कडेपासून हळूहळू कातीत यावे. हत्यार बोथट असल्यास दाब द्यावा लागतो आणि दाब दिला की अडकण्याची वेळ येते. पाजळलेली पटाशी हा येथे सुबकतेचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे.

पंचपाळ्याचा साचा

ज्या लेथवर हे काम करावयाचे त्याची मध्यापासून बिछान्यापर्यंतची उंची आधी मोजावी. वर सांगितलेल्या ठोकळ्याची कड 160 मि.मी. त्रिज्येत फिरते. साच्याची चकती त्याहून थोडी मोठी, म्हणजे 340 मि.मी. व्यासाची हवी, आणि तिला फिरण्यास निदान 185 मि.मी. उंची पाहिजे. गावातील बहुतेक लहान लेथना ही उंची नसते. तेव्हा हट्ट न धरता पंचपाळे लहान करावे. 140 मि.मी. व्यास, 30 मि.मी. जाडी व वाट्यांची केंद्रे 42 मि.मी. अंतरावर घेतली तर घेर 112 मि.मी. राहतो, 240 मि.मी. व्यासाची चकती पुरते आणि त्याच वेगास जोर जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. हळद-कुंकवाला एवढे पंचपाळे पुष्कळ झाले.

चकतीसाठी 18 मि.मी. जाडीचे चांगले प्लायवूड घ्यावे. अखंड फळी घेऊ नये. ती रेषेच्या दिशेने फाटते. पॅकिंगची खोकी मोडून निघालेले अथवा पावसात भिजून पापुद्रे सुटलेले प्लायवूड यासाठी निरुपयोगी आहे. चकती लोखंडी फेसप्लेटला आरपार बोल्ट, मोठे वायसर व न सुटणारे नट लावून जोडावी. बोल्टची डोकी चकतीत बुडवावीत. चकती ठोकळ्याहून मोठी ठेवण्याचे कारण असे की ठोकळ्याचा कोणताही भाग तिच्या परिघाबाहेर डोकावता कामा नये. डोकावणारा कोपरा फिरताना दिसेनासा होतो, आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यानेच बोटे जातात. चकतीच्या परिघावर पांढरा रंग लावल्यास तिची कड फिरतानाही स्पष्ट दिसते.

ठोकळा चकतीवर नेमका बसावा म्हणून चकतीच्या केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर 10 मि.मी. जाडीची एक पक्की खुंटी बसवावी आणि ठोकळ्याच्या बुडाशी मध्यावर तिच्या मापाचे भोक पाडावे. ठोकळा या खुंटीवर बसला की बाजूला सरकण्याचा जोर खुंटी घेते. स्क्रूंना फक्त त्याला चकतीशी आवळून धरावयाचे काम उरते. खुंटी नसलेल्या साच्यात दोन्ही कामे स्क्रूंवर पडतात. खाचेत सरकवून नुसत्या नटाने आवळलेले साचेही पाहण्यात येतात. आवळण्याच्या घर्षणावर विसंबलेली अशी पकड थरथरीने सुटते.

एक वाटी झाली की स्क्रू काढून ठोकळा खुंटीभोवती पाव फेरा फिरवावा. पुढची वाटी आपोआप आसावर येते. चार वाट्यांना तीच चार भोके चालतात. मात्र लाकडातील तेच भोक वारंवार वापरल्याने स्क्रूची पकड ढिली होते, म्हणून तिसऱ्या खेपेस पाच मि.मी. लांब स्क्रू घ्यावा. हे स्क्रू दोन वाट्यांच्या मधल्या भरीव लाकडात जातील असे आखावे. वाटीच्या तळाखाली आलेल्या स्क्रूवर पटाशी आपटली तर पटाशीही जाते व हातही. जिप्समच्या फळ्या लावण्यासाठी मिळणारे काळे स्क्रू स्वस्त पडतात. पण ते ठिसूळ असून बाजूने जोर आल्यास वाकण्याऐवजी काडकन तुटतात. साच्यात ते मुळीच वापरू नयेत. नुसत्या सरसावर, गरम डिंकावर अथवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर ठोकळा धरणे म्हणजे गोफणीची दोरी कच्च्या सुताची करणे होय.

प्रतिभार आणि त्याची फसवणूक

एका बाजूस ठोकळा व दुसरी बाजू रिकामी, अशी चकती फिरू लागली की लेथ थरथरतो. हलका लेथ जमिनीवरून चालूही लागतो. यावर उपाय म्हणून समोरच्या बाजूस लोखंडी वजन लावतात. 800 ग्रॅमचा ठोकळा 60 मि.मी. अंतरावर असेल तर 400 ग्रॅमचे वजन 120 मि.मी. अंतरावर लावले की तोल साधतो, कारण वजन व अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा येतो. 80 मि.मी. लांब, 40 मि.मी. रुंद व 16 मि.मी. जाड लोखंडाच्या पट्टीचे वजन सुमारे 400 ग्रॅम भरते. ती दोन आरपार बोल्टांनी चकतीच्या दर्शनी बाजूस, ठोकळ्याच्या जाडीच्या मध्याशी येईल इतका लाकडी पाट खाली देऊन बसवावी. ती चकतीच्या मागच्या अंगास लावली तर उभा तोल साधूनही फिरताना चकती डुलत राहते.

तोल पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टा काढून स्पिंडल मोकळे करावे व चकती हाताने हळूच फिरवून सोडावी. जड बाजू खाली येऊन थांबते. वजन थोडे आतबाहेर सरकवीत जावे; चकती सोडू त्या जागी स्थिर राहिली की तोल झाला. ज्या वाटीवर काम चालू आहे ती आसावर असल्याने तिच्यातून निघालेल्या लाकडाने तोल बिघडत नाही. परंतु पुढच्या वाटीकरिता ठोकळा फिरविला की आधी कोरलेल्या वाट्यांची पोकळी एका बाजूस येते. म्हणून प्रत्येक वाटीच्या आरंभी तोल पुन्हा पाहावा.

येथे एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. प्रतिभाराने लेथची थरथर थांबते. ठोकळ्यावरील जोर मात्र कणभरही कमी होत नाही. 600 फेऱ्यांना ठोकळा आपल्या स्क्रूंना 19 किलोनेच ओढीत असतो, आणि आता तेवढाच ओढ प्रतिभाराच्या बोल्टांवरही पडतो. सुटू शकणारी वस्तू पूर्वी एक होती, ती आता दोन झाल्या. शिवाय थरथर ही कारागिराला मिळणारी धोक्याची सूचना असते. ती नाहीशी झाली की लेथ लोण्यासारखा चालतो, आणि काम लवकर उरकावे म्हणून पट्टा वरच्या पुलीवर चढविण्याचा मोह होतो. वेग ठरवावयाचा तो थरथरीवरून नव्हे, तर पकडीवरून. पंचपाळ्यास 300 फेऱ्यांपलीकडे जाऊ नये. मोटरीवर 2 इंची व स्पिंडलवर 10 इंची पुली लावल्यास 1440 चे 288 फेरे होतात. दांड्यासाठी 3 इंची व 8 इंची पुली घेतल्यास 540 फेरे मिळतात व ते पुरेसे आहेत. काही जण वेग कमी करण्यासाठी मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर जोडतात. तो एवढ्या मोटरीसाठी केलेला नसतो. मोटर तापते, रेग्युलेटर जळतो आणि वेगाचा भरवसा राहत नाही.

वाटी कोरताना

वाटीच्या आतील लाकूड अखंड फिरत असल्यामुळे हत्यार सुरळीत चालते आणि काम सोपे वाटू लागते. धोका वाटीत नसतो. तो तिच्या बाहेर फिरणाऱ्या कडेत असतो. म्हणून ठोकळ्याचा दर्शनी भाग आधीच रंधून सपाट करून घ्यावा. म्हणजे टूलरेस्ट त्याच्या समोर, सगळ्या रुंदीस समांतर व जवळ लावता येते. हत्यार धरणारा डावा हात टूलरेस्टच्या अलीकडेच राहिला पाहिजे. वाटीची खोली मोजणे, भुसा झटकणे, टूलरेस्ट सरकविणे, ही सर्व कामे लेथ पूर्ण थांबल्यावरच करावीत. फिरत्या चकतीला हाताने दाबून थांबवू नये. एकदम थांबविल्याने आट्यांवर बसलेली फेसप्लेट उलगडून सुटण्याचाही संभव असतो. याच कारणास्तव लेथ उलटा फिरवू नये.

वीज लावताना कारागिराने चकतीच्या समोर उभे न राहता बाजूस उभे राहावे. सुटलेला ठोकळा चकती फिरते त्या पातळीतच बाहेर फेकला जातो, तेव्हा त्या रेषेत पोरेसोरे, गिऱ्हाईक वा जनावर कोणीही असू नये. लेथ पडवीच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवण्याची रीत या दृष्टीने वाईट आहे. बटण मात्र हात लांब न करता पोहोचेल अशा जागी, चकतीच्या रेषेबाहेर असावे.

वेशाबद्दल थोडेसे. उपरणे, मफलर, लोंबती बाही, ओढणी, सैल बांगड्या व मोकळे केस यांपैकी काहीही लेथजवळ नको. धोतर नेसणाऱ्याने सोगा खोचून वर कातडी वा जाड कापडाचा पुढा घट्ट बांधावा. हातमोजे बचावासाठी म्हणून घातले जातात. पण फिरता बोल्ट मोज्याचे बोट पकडतो व त्याबरोबर हात आत ओढला जातो. म्हणून कातकामात मोजे घालू नयेत. डोळ्यांसाठी साधा चष्मा अपुरा पडतो. सगळा चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल मिळते, ती घ्यावी. बारीक भुशासाठी नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

वीज गेली आणि आली

खेड्यातील विजेचा लपंडाव सर्वांच्या परिचयाचा आहे. काम चालू असता वीज गेली की कारागीर बटण तसेच ठेवून साचा तपासण्यास वाकतो, किंवा चहाला जातो. तेवढ्यात वीज येते आणि लेथ आपोआप सुरू होतो. याला उपाय शेतकऱ्याच्या घरीच असतो. विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याखेरीज मोटर चालू होत नाही. मोटरीच्या जोगता असाच स्टार्टर लेथला बसवावा. पंपाच्या बाबतीत रात्री-अपरात्री वीज येते म्हणून शेतकरी त्याला ऑटो स्विच जोडून मोटर आपोआप सुरू होण्याची सोय करतात. पंपावर ती सोय समजण्यासारखी आहे. जुन्या पंपाचा स्टार्टर काढून लेथला लावताना हा ऑटो स्विचही बरोबर येतो, तो आठवणीने काढून टाकावा. मोटरीस अर्थिंग असावे व पट्ट्यावर जाळी असावी, हे सांगणे नलगे.

साच्याचे वय

प्लायवूडचा साचा कायमचा नसतो. पावसाळ्यात तो फुगतो, उन्हाळ्यात आखडतो, भोके रुंदावतात. प्रत्येक कामापूर्वी बोल्ट पान्याने तपासावेत, चकतीवर बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकावा. पापुद्रे सुटले असतील तर आवाज बद्द येतो. एकदा जमिनीवर पडलेली अथवा ठोकळा अडकून हिसका बसलेली चकती नीट दिसली तरी पुन्हा वापरू नये. अशी चकती फोडून चुलीत घालावी. ठेवून दिली तर कोणीतरी ती पुन्हा लेथवर चढवितोच.

साचा करणारा आणि तो वापरणारा नेहमी एकच असतो असे नाही. मुलगा, पुतण्या किंवा नव्याने शिकावयास आलेला गडी तो भिंतीवरून काढून घेतो, आणि तो कोणत्या वेगासाठी केला होता हे त्याला ठाऊक नसते. म्हणून चकतीच्या पाठीवर तेलरंगाने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: ठोकळ्याचे जास्तीत जास्त वजन, प्रतिभाराचे वजन व त्याचे अंतर, कोणत्या पुलीवर पट्टा ठेवावयाचा ते, आणि साचा कोणत्या महिन्यात तयार केला ती नोंद.